पस्तीस बाय पंचेचाळीस

सव्वीस वर्षं मी एकेकट्या माणसाचे फोटो काढले.
नारीनमध्ये, बसस्टँडच्या मागे, चांभाराच्या शेजारी,
एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन दिवे.
पस्तीस मिलिमीटर बाय पंचेचाळीस.
हसू नका. टोपी काढा. हनुवटी किंचित खाली.
कानाच्या पाळ्या दिसल्या पाहिजेत.
मागे सावली पडता कामा नये,
पडली तर मॉस्कोची खिडकी फोटो परत पाठवते.

आणि परवा अत-बाशीपलीकडच्या शाळेतून
मुख्याध्यापिका कालिचाबाईंचा फोन:
आमचा फोटोवाला अल्माटीला गेला, कायमचा.
अख्ख्या शाळेचा एकच फोटो हवाय,
एकशे चौदा मुलं, अकरा शिक्षक,
आणि भट्टीत कोळसा घालणारा म्हातारा.
मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

रात्री जर्दाळूच्या बिया टेबलावर मांडून पाहिल्या,
पुढे बारीक, मागे जाड.
बियांचं बरं असतं,
ठेवल्या तिथे राहतात.

शाळेमागचं कुरण, डोंगरावर अजून बर्फ,
व्यायामशाळेतले बाक, त्यामागे टेबलं,
आणि वारा.
बेडूक तराजूत तोलतात ऐकलं होतं;
या बेडकांना शेंदरी रिबिनी होत्या,
आणि एकाच्या खिशात मेंढीच्या घोट्याची हाडं,
ती खुळखुळली की आख्खी दुसरी रांग वाकून बघायची.
डावीकडचे जुळवले की उजवीकडचे विस्कटायचे.
कुणाचं तरी शिंगरू मध्येच येऊन
भूगोलाच्या सरांची बाही चघळून गेलं.
मी कालिचाबाईंच्या लाडा गाडीच्या टपावर,
गुडघे लटलटताहेत,
एवढे डोळे एका वेळी
माझ्याकडे कधी बघत नव्हते.
काय बोलावं सुचेना,
तोंडातून सवयीनं निघालं:
हसू नका!

झालं.
एकशे चौदा मुलं फुटली.
भट्टीवाला म्हातारासुद्धा, दात नसलेला.

तिसऱ्या रांगेत एकाची हनुवटी सारखी डावीकडे.
उतरलो, बाकांतून वाट काढत गेलो,
दोन बोटांनी सरळ केली,
आणि बोटं थबकली.
ही हनुवटी त्यांनी आधी धरली होती.
'तू सातीबाल्दीचा का रे?'
'तुम्हाला कसं कळलं?'
शरदातला दिवस, चार प्रती, घाईघाईत.
तीन वेळा विचारलं होतं त्यानं, बरा आलाय ना?
मग रांगेवरून नजर गेली तशी
हा कान ओळखीचा, ही भुवई,
हे नाकाच्या शेंड्यावरचं खोलगट.
अर्धी शाळा मी आधीच काढली होती,
सुटी सुटी, तोंड मिटलेली,
पांढऱ्या पडद्यासमोर.
पोराची हनुवटी पुन्हा डावीकडे गेली.
जाऊ दिली.

फोटोत नऊ जणांचे डोळे मिटलेले.
एक मुलगी पाठमोरी, तिला शिंगरू बघायचं होतं.
कडेला स्वयंपाकीण धावत येताना, हातात डाव तसाच.
आणि दुपारी चारचं ऊन माझ्या पाठीशी,
हे लक्षातच आलं नाही:
पहिलीच्या पोरांच्या मांड्यांवर
माझं डोकं, माझे कोपर, माझा कॅमेरा,
काळेकुट्ट.
मी माफी मागायला लागलो,
सावलीचा नियम सांगायला लागलो.
कालिचाबाई पेनाच्या टोकानं मोजत होत्या.
मोजून झाल्यावर फोटो उलटा करून
यादीच्या शेवटी लिहिलं:
ताशपोलोत, आडवा.

सोमवारी दुकान उघडलं.
पहिलं गिऱ्हाईक वीस वर्षांचं,
गुरुवारचं तिकीट, नवं जाकीट, लेबल तसंच.
नियमाप्रमाणे चार प्रतींचा एक काढला.
मग म्हटलं, हालू नको, अजून एक आहे,
आणि दिवे थोडे बाजूला सरकवले.
'हा कोणत्या खिडकीसाठी?' त्यानं विचारलं.
आधी टोपी घाल, म्हटलं.